जुनी सागवानी बोट आणि जॉन्सन इंजिन: आधी मागची फळी तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाघोटण खाडीच्या काठी, माडाच्या बागेतल्या खोपीत आजोबांची १६ फुटी सागवानी बोट पंधरा-वीस वर्षं पडून आहे. फळ्या काठाला काठ भिडवून लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या. सोबत १० अश्वशक्तीचं जॉन्सन सी-हॉर्स, पाटीवर क्यूडी-१९, आणि दोन नळ्यांची पेट्रोलची टाकी. दोरी ओढली की इंजिन फिरतं, पण ठिणगी नाही. गावातल्या जाणत्यांनी सल्ला दिलाय की बोटीला वरून फायबर (काचधाग्याचं कापड आणि रेझिन) मारा आणि इंजिन भंगारात घालून नवं घ्या. तुम्हाला ते पटत नाहीये, आणि दिवाळीत घरी आलात तेव्हापासून डोक्यात आहे की मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन खाडीत एक फेरी मारायची.

फायबर मारू नका. इंजिन भंगारात घालू नका. आणि मे महिना आत्ताच विसरा, म्हणजे बाकीचे निर्णय घाईत होणार नाहीत.

बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. त्यात मजा असते, चार माणसं भोवती जमतात, पहिला धूर निघाला की टाळ्या पडतात. पण खाडीत इंजिन बंद पडलं तर वल्हं मारत परत येता येतं. मागची फळी सुटली तर इंजिन तळाला जातं आणि त्या भोकातून पाणी आत येतं. म्हणून आधी ट्रान्सम, मग तळ आणि खिळे, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

ट्रान्सम म्हणजे इंजिन जिच्यावर टांगतो ती मागची उभी फळी. इंजिनाचा सगळा जोर हिच्यावाटे बोटीला मिळतो. पंखा पाणी मागे फेकतो तेव्हा इंजिनाची पकड फळीला खालच्या बाजूला पुढे ढकलते आणि वरच्या काठाला मागे ओढते. प्रत्येक वेळी थ्रॉटल दिला की ती फळी पिळवटते. शिवाय बाजूच्या सगळ्या फळ्यांची टोकं तिच्याच कडेत ठोकलेली असतात. आता खोपीत बोट कशी ठेवतात ते आठवा: नाळ उंच, मागची बाजू खाली. म्हणजे गळक्या कौलातून पडलेलं पावसाचं पाणी नेमकं मागच्या दोन कोपऱ्यांत साठत राहतं, वर माडाचा पाचोळा कुजत बसतो.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. खारं पाणी लाकूड कुजवत नाही, गोडं कुजवतं. कुजवणारी बुरशी मीठ मुरलेल्या लाकडात धरत नाही. खाऱ्या पाण्यात समुद्री किडा लाकूड पोखरतो, ती वेगळी भानगड. पण तुमची बोट इतकी वर्षं किनाऱ्यावर आहे, तिचा शत्रू पाऊसच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि एका फुटक्या कौलातून आलेला त्यातला थोडासा वाटाही पुरेसा होतो.

तपासायचं कसं? एक बारीक टोच्या घ्या आणि स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ घ्या. मुठीने ट्रान्समवर वरून खाली, हाताच्या अंतराने ठोकत या. चांगलं सागवान टणटणीत बोलतं. कुजलेलं नासक्या नारळासारखं बद्द वाजतं. आवाज बदलला तिथे टोच्या दाबा. सागाच्या चांगल्या फळीत तो जेमतेम रुतेल आणि काढताना लाकूड त्याला धरून ठेवेल. सहज आत गेला आणि ओलसर तपकिरी भुगा घेऊन बाहेर आला, तर तिथलं लाकूड संपलं. खालचे दोन कोपरे, बूच घालायच्या भोकाची कड, इंजिनाच्या स्क्रूंनी दाबलेल्या दोन गोल खुणा आणि जुन्या बोल्टांची भोकं, एवढ्या जागा सोडू नका. रंग शाबूत दिसला म्हणून फसू नका. तेलरंगाचा जाड थर आतल्या कुजलेल्या लाकडाला वर्षानुवर्षं आकार देऊन ठेवतो.

कोपरे गेले असतील तर तेवढेच कापून तुकडा जोडायचा मोह होईल. सुतारही तेच सुचवेल, कारण काम लवकर आटपतं. १० अश्वशक्तीच्या इंजिनाखाली तो तुकडा मला चालत नाही. पूर्ण फळी बदला. जुनी फळी अख्खी बाहेर काढा आणि काम संपेपर्यंत फेकू नका, तोच तुमचा साचा. नवीसाठी दोन रस्ते आहेत. एक, जुनं सागवान. कोकणात घरं पाडली जातात तेव्हा तुळया आणि वासे निघतात, त्याच्याइतकं मुरलेलं लाकूड सॉमिलमध्ये सहसा मिळत नाही; फक्त आतले मोडके खिळे चुंबकाने शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. दुसरा, मरीन प्लाय. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ हे वेगळं, ते घरातल्या फर्निचरचं. १८ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने चिकटवले की सव्वा ते दीड इंच जाडी होते आणि या इंजिनाला ती बरोबर आहे. प्लायच्या चारही कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सी पाजून बंद करायचं, पाणी तिथूनच शिरतं. सागाला इपॉक्सी लावणार असाल तर आधी ॲसिटोनने पुसा आणि पुसल्यावर लगेच चिकटवा. साग स्वतःच तेलकट असतो, तासाभरात पुन्हा तेल वर येतं.

उंचीकडे लक्ष द्या. जुनी जॉन्सन बहुधा आखूड पायाची असतात, त्यांना ट्रान्सम वरच्या काठापासून तळापर्यंत १५ इंच लागतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या इंचभर खाली यायला हवी. पट्टी वर राहिली तर वळताना पंखा हवा खातो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. नवीन यामाहा घ्या म्हणणाऱ्यांना हेही विचारा की ते आखूड पायाचं असेल की २० इंची, आणि वजन किती. आजोबांनी ही बोट या इंजिनासाठी बांधून घेतली होती, जास्त ताकदीचं लावून तिच्यावर सूड उगवू नका.

ट्रान्सम काढायच्या आधी बोटीला खालून चार-पाच ठिकाणी टेकू द्या आणि पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मधल्या मुख्य तुळईच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बघा. पठाण मध्ये उचललेलं किंवा झोळ पडलेलं असेल तर पाचर मारून रोज थोडं थोडं सरळ करा, एका दिवसात नाही. आणि वाक, म्हणजे आतल्या फासळ्या, मोडलेल्या असतील तर एका वेळी एकच बदला. दोन शेजारचे वाक एकदम काढले की फळ्या आपला आकार सोडतात आणि तो परत मिळत नाही. वाकासाठी सरळ लाकूड कापून बाक काढू नका. बाभळीची किंवा ऐनाची मूळचीच बाकदार फांदी शोधा, रेषा त्या वळणात गेलेली असली पाहिजे. जुने सुतार रानात फिरताना झाडाकडे बघून "हा वाक, हा गुडघा" म्हणायचे ते याचसाठी.

आता खिळे. मला तुमच्या वर्णनातली सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट तीच वाटते. लोखंड आणि सागातला आंबट रस यांचं पटत नाही. प्रत्येक खिळ्याभोवती काळं वर्तुळ दिसेल. ते वर्तुळ टोच्याने टोचून बघा. लाकूड मऊ झालं असेल तर तो खिळा आता काहीच धरत नाही. दोन-तीन खिळे पूर्ण उपसून काढा. डोकं जाड आणि टोक ठीक दिसेल, पण मधे, फळी जिथे वाकाला टेकते नेमकी तिथे, खिळा सुईइतका बारीक झालेला सापडेल. ओल तिथेच अडकते. अशी बोट जागेवर उभी असताना सुंदर दिसते आणि लाटेवर आपटली की फळी सोडते.

नवा खिळा जुन्या भोकात मारायचा नाही. जुन्या भोकात सागाची खुंटी इपॉक्सीत बुडवून ठोका आणि शेजारी नवीन भोक पाडा. माझी पसंती तांब्याच्या चौकोनी खिळ्याला: तो आरपार जातो, आतून त्यावर तांब्याची वाटीदार चकती बसवायची, उरलेलं टोक कापायचं आणि हलक्या हातोडीने पसरवायचं. एक माणूस बाहेर वजन धरून, एक आत. वेळखाऊ आहे, पण फळी आणि वाक कायमचे एकमेकांत आवळले जातात. ते जमत नसेल तर गरम जस्तात बुडवलेले खिळे घ्या, वरून नुसते चमकणारे नाहीत. पितळेचे स्क्रू पाण्याखाली बिलकुल नकोत. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, उरतो तो गुलाबी, बोटाने मोडणारा स्क्रू. स्टेनलेस ३१६ पाण्याच्या रेषेवर ठीक. खाली, ओल्या लाकडात हवा न मिळता तोही आतून खड्डे पडून खातो. तांबं आणि लोखंड शेजारीशेजारी लावू नका, लोखंडाचा पार फडशा पडतो.

फळ्यांमधल्या फटींबद्दल तुम्ही लिहिलंय की "करंगळी जाते". घाबरू नका आणि मुख्य म्हणजे आत्ता भरू नका. इतकी वर्षं कोरडं राहिलेलं लाकूड आकसलेलं आहे. त्या फटीत इपॉक्सी किंवा कडक लांबी ठासून भरली आणि बोट पाण्यात घातली की फळ्या फुगतील, त्यांना सरकायला जागा मिळणार नाही आणि त्या वाकावरून खिळ्यांसकट उचकटतील. चांगल्या बोटी अशा मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. आधी फटी आतून साफ करा, जुनी राळ खरवडा. मग आत-बाहेर गोणपाट टाकून खाऱ्या पाण्याने ओलं ठेवा, आठ-पंधरा दिवस, रोज दोनदा. करंगळीची फट काडीपेटीतल्या काडीएवढी होईल. तरीही जी फट उघडी राहील तीच खरी फट. तिच्यात कापसाचा सैलसर पीळ बोथट पातीने हळू बसवायचा, ठासायचा नाही, आणि वर मऊच राहणारं काहीतरी: राळ आणि तेल घोटून, किंवा हल्लीचं पॉलीयुरेथेन सीलंट.

फायबरला नाही का म्हणतो तेही यातूनच कळेल. अशा बोटीच्या फळ्या ऋतूप्रमाणे हलतात, फायबरचं कवच हलत नाही. साध्या पॉलिस्टर रेझिनला तेलकट साग धरतच नाही. दोन पावसाळ्यांत कवच आणि लाकूड यांच्या मधे पाणी शिरतं, ते बाहेर पडत नाही, आणि आत काय चाललंय ते दिसतही नाही. मरीन प्लायची बोट असती तर मी स्वतःच इपॉक्सी आणि कापड लावा म्हणालो असतो. फळ्यांच्या बोटीला नाही.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर गावात प्रत्येकाचं मत आहे. एवढंच सांभाळा की तळातला जुना केशरी थर शेंदराचा, म्हणजे शिशाचा असण्याची शक्यता मोठी आहे. तो कोरडा घासू नका, मुलं आसपास असताना तर नाहीच. पाणी लावून घासा, मास्क घाला, भुगा गोळा करा. आतून रंगापेक्षा तेल बरं. मुशीचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात आणि ते काम करतं. वास सुटेल तो सोसा. काजूच्या तेलाने कातडी भाजते, हातमोजे घाला.

आता वेळापत्रक, कारण मे का नाही हे तुम्ही विचारणारच. लाकूडकाम आत्ता, दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, हवा कोरडी असताना. सुतारही याच दिवसांत मिळतो. १ जूनला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत. त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांची डागडुजी चाललेली असते, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर तुमचा फोनही कोणी उचलणार नाही, आणि गणपतीत तर विचारूच नका. पावसात इपॉक्सीवर ओशट मेणासारखा थर धरतो, तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. म्हणून मार्चपर्यंत लाकूड आणि प्राइमर, मग बोट झाकून ठेवायची. पावसाळ्यातली दमट हवा फळ्यांना आपोआप थोडी फुगवते. फटी, रंग आणि पाण्यात उतरवणं दसऱ्यानंतर. मे महिन्यात घाईने उतरवली तरी तीन आठवड्यांत पुन्हा वर ओढावी लागेल, त्यात कोणाचंच भलं नाही.

आणि पावसाळ्यात पडवीत बसून करायचं काम म्हणजे इंजिन.

तुमच्याकडचं १० अश्वशक्तीचं जॉन्सन १९४९ पासून पुढे बरीच वर्षं निघालं. तुमची पाटी आणि दोन नळ्यांची टाकी बघता ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड एकाच अमेरिकन कंपनीची भावंडं. ती कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, नावं बॉम्बार्डियरने घेतली, आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं. तरी पार्ट मिळतात, कारण तेच कॉइल, तेच पॉइंट (ठिणगी पाडणारे भाग) अनेक मॉडेलना वर्षानुवर्षं चालले आणि इतर लोक ते अजून बनवतात. परदेशातून मागवावे लागतील. पाटीवरच्या नंबरानेच मागवायचे, तेव्हा पाटी रंगवू नका, घासू नका.

पहिलं काम म्हणजे दोरी ओढणं बंद करा. प्लग काढा, दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, हाताने फिरवा, वरून बघताना घड्याळाच्या दिशेने आणि फक्त त्याच दिशेने. उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपातल्या रबरी पाती मुडपतात. पाणी आणि धूर बाहेर पडायच्या भोकांत वाकून बघा, कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली असतील. तार घालून आत ढकलू नका, भिजवून बाहेर काढा. कॉम्प्रेशन गेजवर दोन्ही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले, दहा टक्क्यांहून जास्त फरक नसला, तर इंजिनाचं हृदय ठीक आहे असं समजा.

ठिणगी नसणं हे या वयाच्या मॅग्नेटोला, म्हणजे ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाला, अगदी स्वाभाविक आहे. फ्लायव्हीलचा नट काढा आणि वरच्या तीन भोकांत बोल्ट घालून खेचणारा पुलर लावा. कडेला पकडून उचकटणारा पुलर लावला तर फ्लायव्हील वाकतं. हातोडीने शाफ्टवर ठोकणारे मेकॅनिक आहेत, त्यांना चहा पाजून परत पाठवा. फ्लायव्हील निघालं की खाली दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर दिसतील. बॅटरीचा प्रकाश तिरका मारून कॉइलकडे बघा. तपकिरी आवरणावर केसासारख्या भेगा असतील, कुठे कुठे तुकडा उडून आतली तांब्याची तार दिसेल. कोकणातल्या दमट हवेत ठिणगी त्या भेगेतूनच आतल्या आत उतरते आणि प्लगपर्यंत पोचत नाही. असे कॉइल सरळ बदला, वार्निश लावून चालवायचे प्रयोग नकोत. पॉइंटवर राखाडी बुरशीसारखा थर असतो; बारीक कानशीने एक-दोन हात, मग कोरा कागद मधून ओढा, कागदावर काळं यायचं थांबेपर्यंत. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण तिथेच रुतून बसतात. फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, पॉइंट पूर्ण उघडलेला असताना फीलर गेजने. दोन्ही पॉइंटना अगदी सारखी. कंडेन्सर जवळपास ०.२ मायक्रोफॅरडचा लागतो.

हे काम आजच्या बोटीच्या मेकॅनिककडे नेऊ नका. तो यामाहाची सीडीआय (ठिणगीची इलेक्ट्रॉनिक डबी) बदलून देणारा माणूस आहे, त्याने पॉइंट पाहिलेले नसतात. आपल्या तालुक्यात लँब्रेटा आणि राजदूतवर हात बसलेला कोणी साठीपुढचा मिस्त्री अजून असेल तर त्याला शोधा. टू-स्ट्रोक आणि पॉइंट त्याच्या बोटांत असतात. बाहेर सहा मिलिमीटरच्या फटीतून निळी ठिणगी पडली की विद्युतचं काम झालं.

पेट्रोलकडे येऊ. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि हे इंजिन बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही ते नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, आणि कार्बोरेटरमधल्या बुचाच्या लाकडाच्या फ्लोटवर जे लाखेचं आवरण असतं ते विरघळवून टाकतं. लाख गेली की फ्लोट पेट्रोल पितो, जड होतो, इंजिन ओव्हरफ्लो करतं. फ्लोट पूर्ण वाळवून, जुनी लाख खरवडून त्यावर झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाचे, म्हणजे सायनोॲक्रिलेटचे, दोन-तीन हात द्या. तो इथेनॉलला दाद देत नाही. नळ्या सगळ्या नव्या घ्या. टाकी दोन नळ्यांची आहे कारण या इंजिनाला पेट्रोलचा पंपच नाही: एका नळीने इंजिन टाकीत हवेचा दाब भरतं, दुसरीने पेट्रोल वर येतं. टाकीच्या झाकणाचं पॅकिंग आणि दोन्ही जोड बदलल्याशिवाय ती वापरू नका. गळणारी साधी टाकी पेट्रोल ठिबकवते, दाबाची टाकी पिचकारी मारते. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात बसून राहते.

तेलाचं प्रमाण २४ ला १, म्हणजे लिटरला साधारण ४२ मिली, ५ लिटरला २१० मिली. "आता सगळ्या टू-स्ट्रोकला ५० ला १ चालतं" हे तुम्हाला दहा जण सांगतील. ते १९६४ नंतरच्या इंजिनांना. तेल स्कूटरचं टू-टी नको. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू३ घ्या.

पाण्याचा पंप खालच्या पायात असतो आणि त्याचं रबरी चाक इतक्या वर्षांत दगड झालेलं असणार. ते बदलायला पाय सोडवावा लागतो आणि खरी लढाई तिथे आहे, कारण ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट मिठाने जाम झालेले असतात. पाना लावून जोर काढला तर डोकं तुटतं. हीट गनने बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम तापवा, तेल सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा तापवा, आणि पाना आधी आवळायच्या दिशेने किंचित, मग सोडायच्या दिशेने. दोन संध्याकाळी जातील, जाऊ द्या. परत बसवताना प्रत्येक बोल्टाला मरीन ग्रीस. गिअरचं तेल काढाल तेव्हा दुधाळ निघालं तर आतली सील गेली आहेत, तीही आत्ताच बदला.

चाचणी निळ्या प्लास्टिकच्या पिंपात, पंखा काढून, कमी वेगात. कोरडं एक क्षणही चालवू नका, नवं रबरी चाक तेवढ्यात जळतं. हल्लीच्या इंजिनासारखी पाण्याची धार यातून बाहेर पडत नाही, मागच्या भोकातून धुराबरोबर तुषार येतात, त्यामुळे पंप चालू नाही असं समजून लोक उगाच पुन्हा उघडतात. सिलिंडरच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. चर्र झालं तर बंद करा, नुसता ओघळला तर सगळं ठीक. पंखा परत बसवताना जी पिन घालायची ती पिनच घाला. वाळूला पंखा लागला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी लोखंडी खिळा घातलेली इंजिनं माझ्याकडे येतात तेव्हा गिअर गेलेला असतो. दोन सुट्या पिना आणि एक पक्कड बोटीतच बांधून ठेवा.

बोट पाण्यात घालताना पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधीची भरती धरा. उधाण चढत असतं, म्हणजे काही चुकलं तर पुढची भरती आणखी वर येऊन बोट परत बाहेर काढायला मदत करते. उतरत्या भरतीला घातली आणि अडकली तर पुढचं उधाण येईपर्यंत चिखलात. पहिल्या दिवशी इंजिन लावू नका. उथळ पाण्यात दोराने बांधून बोट खाऱ्या पाण्याने भरू द्या, दोन-तीन भरत्या तशीच राहू द्या, मग उपसा. फळ्या बसल्या असतील तर पाणी येणं जवळपास थांबेल. त्यानंतर इंजिन, आणि इंजिनाला एक वेगळा सुरक्षादोर बोटीतल्या वाकाला बांधून, ट्रान्समला नाही.

महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर निरीक्षकांकडे नोंदणीचं आधीच विचारून ठेवा, आजोबांच्या वेळचे काही कागद घरात असतील तर ते घेऊन जा. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची वेगळी घ्या. मोठ्यांची जॅकेट मुलांच्या डोक्यावरून निघून जातात.

फेरीनंतर दर वेळी इंजिन पिंपात गोड्या पाण्यावर पाच-दहा मिनिटं चालवा, मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये इथेनॉल उरत नाही. इंजिनाला गोडं, बोटीला खारं, हे उलट करू नका. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायाला तळाचा तांबंवाला रंग लागू देऊ नका, पाय खाल्ला जातो. आणि पुढच्या पावसाळ्यात बोट शाकारताना निळी ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. आत वाफ कोंडते आणि कूज धरते. वर झावळ्यांचं छप्पर, दोन्ही बाजूंनी वारा खेळता, बूच काढलेलं, नाळ उंचच पण मागचं भोक मोकळं, म्हणजे कौल फुटलं तरी पाणी तिथून वाहून जाईल.